अक्का, माझं सूत जातं कुठं?

या महिन्यात चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला मी बरीच जागा दिली आहे, कारण ते वाचल्यावर मला रात्री नीट झोप लागली नाही. नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते : सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली. त्यातली पहिली नऊ चेकिंग टेबलवर उभं राहून, पुढची सगळी क्वालिटीची जबाबदारी सांभाळत. अक्का हे नाव तिथल्या बायकांनी दिलं, तेच इथंही चालतं.

प्रश्न : अक्का, नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे टेरी टॉवेलचे बारा माग आहेत. डाईंगवरून रंगवून येणारं सूत महिन्याला साधारण ४,२०० किलो. टॉवेल निघतात ८,०००, एक टॉवेल ५०० ग्रॅमचा, म्हणजे झाले ४,००० किलो. वेस्ट वजन करून विकतो ते ५० किलो. उरलेलं १५० किलो सूत दर महिन्याला गायब होतं. वाइंडिंगच्या, म्हणजे सूत कोनांवर गुंडाळणाऱ्या, बायका जेवणाच्या डब्यातून नेतात असा माझा संशय आहे. गेटवर झडती सुरू करावी की कॅमेरे बसवावेत? – एक कारखानदार

उत्तर : दादा, दोन्ही करू नका. निदान महिनाभर तरी नको.

आधी तुमचाच आकडा जरा उलटसुलट करून बघू. १५० किलो भागिले २६ दिवस, म्हणजे रोज पावणेसहा किलो. सुताचा भरलेला कोन, म्हणजे कागदी नळीवर गुंडाळलेलं सूत, दीड-दोन किलोचा असतो. म्हणजे रोज तीन-चार कोन, एकही दिवस न चुकता, गेटमधून बाहेर पडले पाहिजेत. जेवणाच्या डब्यात कोन मावत नाही, दादा. तुम्ही एकदा रिकामा डबा आणि भरलेला कोन शेजारी ठेवून बघा. चोरी कुठंच होत नाही असं मी म्हणत नाही. पण दर महिन्याला तेवढीच तूट येते हे ऐकलं की मला माणसाआधी हिशेबाचा संशय येतो. चोराचा हात रोज सारखा चालत नाही. चुकीचा हिशेब मात्र रोज सारखाच चुकतो.

हे मी शिकले ते एका बाईच्या जिवावर. १९९४ सालची गोष्ट. आमच्याकडेही सूत कमी भरायला लागलं आणि मालकांनी गेटवर झडती लावली. बायकांच्या पिशव्या तपासायला बाईमाणूस हवं म्हणून मला उभं केलं. वाइंडिंगला एक बाई होती, पन्नाशीची, नवरा गेलेला. तिच्या डब्यात अर्धी भाकरी आणि शेंगाची चटणी निघाली. दुपारी स्वतः अर्धीच खाऊन बाकीची नातवासाठी घरी न्यायची. मी तो डबा सगळ्यांसमोर उघडला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

पाच आठवड्यांनी खरं कारण सापडलं. रंग बदलला की मागावरचे अर्धेमुर्धे कोन स्टोअरला परत जायचे. दिवसपाळीचा स्टोअरकीपर ते कागदी नळीसकट वजन करून जमा करायचा. रात्रपाळीचा तेच कोन पुन्हा मागावर देताना नळीचं वजन वजा करून नावे टाकायचा. नळी पन्नास ग्रॅमची. महिन्याला साडेचारशे कोन असे फिरायचे. झालं साडेबावीस किलो सूत, जे कधी नव्हतंच, ते वहीत उभं होतं आणि गोदामात सापडत नव्हतं. दोघंही स्टोअरकीपर प्रामाणिक होते. रीत दोन होत्या, एवढंच. मी साखर पेठेत त्या बाईच्या घरी जाऊन हे सांगितलं. ती उंबऱ्यात बसून विड्या वळत होती. चहा दिला, पण कामावर परत आली नाही. म्हणून तुमच्या पत्रातला ‘झडती’ शब्द वाचून माझ्या पोटात कालवलं.

आता तुमच्या १५० किलोंकडे येऊ.

पहिली शंका पाण्यावर. कापूस हवेतलं पाणी ओढून घेतो आणि सोडतोही. व्यवहारात कापसाच्या सुताचा ओलावा साडेआठ टक्के धरतात, म्हणजे पूर्ण कोरड्या १०० किलो सुतावर साडेआठ किलो पाणी. तुमचं सूत डाईंगवरून येतं. पिळून, वाळवून येत असलं तरी घाईच्या दिवसांत लड्या आतून दमट राहतात. गाठोड्याच्या मधोमध हात घातला की गार लागतं, ते तुम्हालाही माहीत असेल. समजा ते दहा टक्के ओलाव्यानं आलं. म्हणजे ४,२०० किलोत खरं कोरडं सूत ३,८१८ किलो. आपल्याकडची हवा कोरडी. वाइंडिंग होऊन, बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ भरून, विणून टॉवेल निघेपर्यंत ओलावा सात टक्क्यांवर आला, तर त्याच सुताचं वजन ४,०८५ किलो भरतं. मधले ११५ किलो पत्र्यातून वर गेले. ते कुठल्या कॅमेऱ्यात दिसणार?

दहा आणि सात हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत. तुमचे तुम्हीच काढायचे. सोपी रीत सांगते. सूत आल्या आल्या वेगवेगळ्या गाठोड्यांच्या पोटातून दहा लड्या काढा. लगेच वजन करा, ग्रॅममध्ये, धान्याच्या काट्यावर नको. त्या मागाजवळ सावलीत मोकळ्या टांगून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच काट्यावर परत वजन करा. जो फरक येईल तो टक्क्यात मांडा. मे महिन्यात एकदा, श्रावणात एकदा आणि थंडीत एकदा करा, कारण तिन्ही वेळा उत्तर वेगळं येणार. ओलाव्याचा नेमका आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेतल्या भट्टीत १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून देतात, तेही एकदा करून घ्या. तो कागद हातात आला की डाईंगवाल्याशी भांडायची गरज नाही. साडेआठ टक्के ओलाव्याला बिल, एवढंच त्याच्याशी ठरवा.

दुसरी शंका टॉवेलवर. ५०० ग्रॅम हे तुम्ही वजन करून लिहिलंय की ऑर्डरच्या कागदावरून? मला वाटतं कागदावरून. टेरीत ताण्याचे म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन बीम असतात, एक पायाचा आणि एक फुलीचा म्हणजे लूपचा. लूपच्या बीमचा ब्रेक सैल पडला की लूप उंच होतो आणि टॉवेल जड होतो. गिऱ्हाईक जड टॉवेलबद्दल कधी तक्रार करत नाही, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही. ८,००० टॉवेलांत प्रत्येकी साडेचार ग्रॅम जास्त गेले की ३६ किलो सूत फुकट वाटलंत. साडेचार ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा साखर. हाताला अजिबात कळत नाही. बीम भरलेला असताना आणि संपत आल्यावर ताण सारखा राहत नाही, म्हणून प्रत्येक मागावरचे पाच टॉवेल बीमच्या सुरुवातीचे आणि पाच शेवटचे तोला. बारा मागांत एक-दोन माग जास्त खाणारे निघतील. आमच्याकडे कायम निघायचे.

११५ आणि ३६ मिळून झाले १५१. तुमची तूट इतकी बरोबर जुळेल असं नाही. उडालेली रुई, झाडून टाकलेला कचरा, बीमच्या शेवटी उरलेले दोरे हेही त्यात येतात आणि नळीचा घोळ तुमच्याकडेही असू शकतो. म्हणून पुढच्या पहिल्या तारखेपासून एकच पानाची वही करा. वाइंडिंगला किती गेलं, किती आलं, वेस्ट किती. वार्पिंगला म्हणजे बीम भरायला किती गेलं, किती आलं, वेस्ट किती. मागाला तसंच. सगळं एकाच काट्यावर, नळी वजा करून, आणि तो काटा रोज सकाळी एका ठरलेल्या वजनानं तपासून. महिनाअखेरीला एकच मोठी तूट दिसण्याऐवजी ती कुठल्या दारात होते ते दिसेल. वाइंडिंगच्या बायकांनाच त्यांच्या खात्याचं वजन लिहू द्या. सूत रोज त्यांच्याच हातातून जातं, दमट लडी त्यांना बोटांनी कळते.

एवढं करूनही एखाद्या दारात तूट उरली, तर मग मला परत लिहा. तेव्हा कॅमेऱ्याचं बोलू.

प्रश्न : अक्का, आम्ही जुळे सोलापुरातल्या आठ जणी शेंगाची चटणी करतो. महिन्याला ३०० किलो जाते. दाणे स्वस्त असताना वर्षाचे एकदम घेऊन ठेवतो. थंडीत सगळं छान, पण उन्हाळ्यात दुकानदार पाकिटं परत करतात, खवट झाली म्हणून. सगळी नाही, काहीच. कधी माल पडून राहतो, कधी गड्ड्याच्या यात्रेत पुरत नाही. किती करून ठेवावी? – एक बचत गट

उत्तर : ताई, ‘सगळी नाही, काहीच’ हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. सगळी खवट झाली असती तर कृतीत दोष. काहीच होतात, म्हणजे त्या पाकिटांच्या वाटेवर काहीतरी वेगळं घडतंय. पण तुमच्या पाकिटावर घाण्याचा नंबर आहे का? परत आलेलं पाकीट कुठल्या दिवशीच्या भाजणीचं, हे तुम्हाला सांगता येत नसेल तर तुमच्याकडे परत येते ती फक्त तक्रार. नंबर असेल तर तीच तक्रार तुम्हाला दोष कुठं आहे ते सांगते. तारीख आणि त्या दिवसाची कितवी भाजणी, एवढं पुरे. तारीख आणि बॅच नंबर पाकिटावर छापणं कायद्यानंही लागतंच. वहीत त्या नंबरापुढं दाणे कुठल्या पोत्यातले, भाजलं कुणी आणि पाकिटं कुठल्या दुकानात गेली ते लिहा.

आता खवटपणाबद्दल. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल. आपली चटणी कुटून कुटून त्याला तेल सुटतं म्हणूनच ती सोलापूरची. पण ते सुटलेलं तेल हवेला उघडं पडतं. हवा, ऊन आणि उजेड लागला की ते खवट होतं. उष्णता दहा अंशांनी वाढली की असा बिघाड ढोबळमानानं दुपटीनं वाढतो. म्हणून डिसेंबरात दोन महिने टिकली ती मेमध्ये दोन महिने टिकणार नाही. पाकिटावरची मुदत मे महिन्यात ठरवा.

एक गोष्ट मला तुमच्याकडे येऊन बघायची इच्छा आहे : मोठा डबा. बहुतेक ठिकाणी चटणीचा एक मोठा डबा असतो, तो कधी पूर्ण रिकामा होत नाही. तळाशी दोन बोटं जुनी राहते आणि वर नवी ओततात. विरजणानं दूध लागावं तशी ती तळाची चटणी नव्या चटणीला लागते. खवट तेलाचा अंश ताज्या तेलालाही लवकर बिघडवतो. डबा पूर्ण रिकामा करा, घासा, कोरडा करा, मगच नवी भरा. दोन छोटे डबे ठेवलेत तर आपोआप होईल. एक संपल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. आत तांब्या-पितळेचा डाव ठेवू नका, त्या धातूंनी तेल लवकर बिघडतं. आणि भाजलेले दाणे कोमट असताना कुटून लगेच पाकिटं बंद करत असाल तर ते थांबवा. वाफ आतल्या बाजूला दव होऊन बसते. ओला लसूण घालत असाल तर त्याचंही पाणी मोजा.

वर्षाचे दाणे एकदम घेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : घेऊ नका, किंवा घ्यायचेच तर शेंगा घ्या. टरफलात दाणा जास्त टिकतो. फोडलेला दाणा पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे काढतो तेव्हा तो भाजण्याआधीच अर्धा खवट झालेला असतो. तुम्ही पोत्यामागं जे वाचवता ते परत आलेल्या पाकिटांत जातं, वर दुकानदाराचा विश्वास जातो तो वेगळा. निवडताना काळवंडलेला, सुरकुतलेला, बुरशीचा दाणा काढून टाकायचा, कोंबड्यांनाही घालायचा नाही. त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते भाजून पूर्ण जात नाही. हे काम सर्वांत बारीक नजरेच्या बाईला द्या आणि तिला किलोवर पैसे देऊ नका. किलोवर पैसे मिळाले की हात भरभर चालतो आणि नजर मागं पडते.

किती करून ठेवावी? ३०० किलो महिन्याला, म्हणजे रोज १० किलो. दाणे आणण्यापासून पाकीट बंद होईपर्यंत तुम्हाला किती दिवस लागतात? तीन धरू. तेवढ्यात ३० किलो विकली जाणार. एखादा दुकानदार एकदम मागेल म्हणून २० किलो वर धरा. भिंतीवर रेघ मारून ठेवा : फळीवरची चटणी ५० किलोच्या खाली आली की भाजायला घ्यायची, त्याआधी नाही. आधी जुनी पाकिटं बाहेर, मग नवी. यात्रेचं म्हणाल तर संक्रांत दरवर्षी ठरलेली आहे, गड्डा अचानक भरत नाही. यंदा जानेवारीत रोज किती गेली ते लिहून ठेवलंत तर पुढच्या वर्षी रेघ कुठं मारायची ते कळेल.

आणि प्रत्येक घाण्याचं एक पाकीट विकू नका. त्यावर नंबर घालून स्वयंपाकघरात सर्वांत गरम फळीवर ठेवा आणि दर आठवड्याला एक फोडून आठही जणींनी चाखा. दुकानदाराच्या आधी तुम्हाला कळलं पाहिजे.

प्रश्न : आम्ही शाळेचे गणवेश शिवतो. यंदा एका शाळेनं ४० शर्ट परत केले, बाही एका छटेची आणि अंग दुसऱ्या छटेचं. कापड एकाच गिरणीचं, एकाच नंबरचं. शिवाय हंगाम संपल्यावर २८ आणि ३८ मापाचे दोनशे शर्ट पडून आहेत. – गणवेश उत्पादक

उत्तर : नंबर एक असला तरी रंगाचा घाणा एक असेलच असं नाही. प्रत्येक ताग्याच्या टोकाचा चार बोटं तुकडा कापा आणि सगळे शेजारी शेजारी शिवून एक पट्टी करा. ती ट्यूबलाइटखाली बघा आणि बाहेर उन्हातही बघा. आत जुळणारे दोन रंग बाहेर फटकून दिसू शकतात, आणि पोरं प्रार्थनेला मैदानात उभी राहतात. जुळणारे तागे एकत्र लावा. कापताना प्रत्येक थराला नंबर चिकटवा आणि सात नंबरच्या अंगाला सात नंबरचीच बाही. काम वाढतं, हे खरं आहे. पण चाळीस शर्ट उसवण्याइतकं वाढत नाही.

पडून राहिलेल्या मापांबद्दल : तुम्ही एप्रिलमध्ये सगळं शिवून मोकळे होता, तिथंच अडचण आहे. ताग्यातलं कापड कुठल्याही मापाचं होतं, शिवलेला शर्ट एकाच मापाचा. मधली मापं, जी हमखास जातात, ती आधी शिवा. टोकाच्या मापांचं कापड ताग्यातच ठेवा आणि शाळेकडून मापाची यादी आल्यावर कात्री लावा. दोन कारागीर जूनमध्ये आठवडाभर जास्त बसवावे लागतील. दोनशे शर्टांत अडकलेल्या पैशापुढं ती मजुरी काहीच नाही.

प्रश्न : अक्का, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांचा सोलापुरात टॉवेलचा कारखाना आहे. ३,००० नगांचा लॉट गिऱ्हाइकाच्या माणसानं नाकारला. १२५ टॉवेल काढून बघितले, त्यात नऊ खराब निघाले : सहांत ताण्याची तार म्हणजे उभा धागा गेलेली, दोनांत तेलाचा डाग, एकाची किनार सुटलेली. बाबा म्हणतात आणखी दोन चेकर ठेवू. मी म्हणतो सॉफ्टवेअर घेऊ. बरोबर कोण? – एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, नऊ नग कुठल्या दोषाचे ते तू वेगळं करून लिहिलंस, त्यातच अर्धं उत्तर आहे.

आधी तो नियम समजून घे. ३,००० च्या लॉटला १२५ नमुने आणि खराब मालाची मान्य पातळी (एक्यूएल) २.५ असेल तर सातपर्यंत खराब निघाले तरी लॉट पास, आठ निघाले की नापास. तुमचे नऊ. म्हणजे दोन कमी असते तर माल गेला असता. आणि नवांपैकी सहा एकाच दुखण्याचे. बाकीच्या तिघांकडे आज बघूही नकोस. ती सहा तारांची गोष्ट मिटली की तीनच उरतात.

चेकिंग टेबलवर मी नऊ वर्षं हेच बघितलंय. टॉवेल उजेडासमोर धरला की तार गेलेली जागा लगेच दिसते, लूपांच्या मधून एक उभी बारीक रेघ, वरपासून खालपर्यंत, पट्टीनं ओढल्यासारखी. मग लूपांच्या उलट दिशेनं हात फिरवला की बोटाखाली तिथं खाच लागते. ती रेघ सहाही टॉवेलांत किनारीपासून तेवढ्याच अंतरावर आहे का, ते टेप लावून मोज. असेल तर तो एकच माग आहे आणि फणीतल्या एकाच घरातली तार आहे. वेगवेगळ्या अंतरावर असेल तर दोष सुताच्या ताकदीत किंवा कांजीत शोधावा लागेल. दोन्हींचा इलाज अगदी वेगळा आहे, आणि दोन जादा चेकर ठेवून यातलं काहीच कळणार नाही. ते फक्त खराब टॉवेल बाजूला काढतील. सूत, मजुरी, वीज तर लागून गेलेली असेल.

गणित कर. एक माग तासाला तीनेक टॉवेल काढतो. तपासणी पाळी संपल्यावर होत असेल तर तार गेल्यापासून पंचवीस टॉवेल खराब होऊन बसलेले असतात. कुणी दर तासाला मागाजवळ जाऊन ताजा टॉवेल उजेडाला धरला तर तीन. बाबांना दोन माणसं ठेवायचीच असतील तर एकच ठेवा, आणि ती टेबलामागं नको, मागांमध्ये फिरती ठेवा. आणि प्रत्येक टॉवेलच्या कोपऱ्याला मागाचा नंबर आणि पाळी आजपासूनच लिहायला लावा. धुतल्यावर जाणारा खडू चालतो. तुझं सॉफ्टवेअर नंतर. जे कागदावर लिहिलं जात नाही ते संगणकात कुठून येणार? सहा महिने वही नीट चालली की ती वहीच तुला सांगेल कुठलं सॉफ्टवेअर हवं.

आणखी एक, आणि हे बाबांना हळू सांग. तुमच्याकडे विणकराला नगावर मजुरी आहे आणि खराब नगाची कापली जाते, असं मी धरून चालते, बहुतेक ठिकाणी तसंच असतं. मग तार तुटलेली दिसली तर तो माग थांबवेल का? थांबवला तर गाठ मारेपर्यंत त्याचे नग बुडतात. चालू ठेवला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर पूर्ण मजुरी. तार दिसल्यावर माग थांबवला तर त्या वेळेचे पैसे मिळतील, असं सांगून बघा. माझे वडील गिरणीत जॉबर होते, म्हणजे मागांची देखभाल बघणारे. ते म्हणायचे, विणकराला तार तुटल्याचं कानाला कळतं, डोळ्याच्या आधी. तो कान पगारावर ठेवलेला आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की एखादा टॉवेल जड आला की जॉबर लगेच बीमचा ब्रेक आवळतो, हलका आला की सैल करतो. हे मात्र आजच बंद करायला सांग. १९२४ साली वॉल्टर श्यूहार्ट यांनी अमेरिकेत टेलिफोनचे भाग बनवणाऱ्या कारखान्यासाठी एक साधा आलेख मांडला, तुला अभ्यासक्रमात असेल. मधली रेघ सरासरीची, वर-खाली दोन मर्यादा. मर्यादेच्या आतले चढउतार हे त्या यंत्राचे नेहमीचे. त्यांच्यामागं धावून दर वेळी ब्रेक फिरवलास तर चढउतार वाढतात, कमी होत नाहीत. वजन मर्यादेबाहेर गेलं, किंवा ओळीनं सात-आठ टॉवेल मधल्या रेघेच्या एकाच बाजूला पडले, तरच मागाला हात लावायचा. दर पाळीला पाच टॉवेल तोलून सरासरीचा ठिपका मागाच्या शेजारी लावलेल्या कागदावर जॉबरलाच काढू दे. आमच्याकडे पहिला आलेख लावला तेव्हा जॉबर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी ठिपका बाहेर गेला, तेव्हा मला बोलवायला तोच आला. बीमच्या दोरीत रुई अडकली होती.

सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, चादरीला आहे तसंच. तुझ्या बाबांचा माल त्याच नावानं जातो. सुट्टीला घरी आलास की आधी टेप घेऊन ते सहा टॉवेल मोज आणि किनारीपासूनची सहा अंतरं मला लिहून पाठव. पुढच्या अंकात त्यावर बोलू.